पार्श्वभूमी : वेशीतला न्याय आणि बहुमताचे तीन शब्द

इब्री, म्हणजे यहुदी, शास्त्रात न्याय वेशीत होतो. मराठी बायबलने ‘वेस’ हाच शब्द घेतला आणि तो चपखल बसला, कारण ज्या वाटेने सारा गाव येतो-जातो तिथेच वडीलधारे बसत. इस्रायलच्या उत्तरेला तेल दान इथल्या उत्खननात वेशीला लागून दगडी बाकही सापडला आहे. रूथच्या पुस्तकातला जमिनीचा व्यवहार दहा वडिलांना असेच वेशीत बसवून उरकतात. शिवारात प्रेत मिळाले आणि मारेकरी सापडला नाही, तर अंतर मोजून जवळच्या नगराच्या वडिलांना हात धुऊन ‘हे रक्त आम्ही पाडले नाही’ असे म्हणावे लागते. गुन्हेगार नसला तरी जबाबदारी गावाची.

दोष ठरवायला दोन किंवा तीन साक्षीदार हवेत, हाही नियम आहे. पण दोन साक्षीदार उभे करता येतात. इज्रेल गावच्या नाबोथ नावाच्या द्राक्षमळेवाल्याला अशाच दोन खोट्या साक्षींवर दगडांनी ठेचले. वडील आणि प्रतिष्ठित हजर होते, पद्धतीत बोट ठेवायला जागा नव्हती.

खरा गुंता बायबलच्या निर्गम या पुस्तकातल्या २३:२ या वचनात आहे. वचनाचा सरळ अर्थ असा : पुष्कळांच्या मागे लागून वाईट करू नको, आणि वादात साक्ष देताना पुष्कळांकडे झुकून न्याय वाकडा करू नको. म्हणजे गर्दीपासून सावध करणारे वचन. त्याच्या शेवटी तीन शब्द येतात, ‘अखरेइ रब्बीम लेहत्तोत’. नंतरच्या पंडितांनी ते तोडून वेगळे वाचले, तर अर्थ झाला : पुष्कळांकडे झुकावे. बहुमताचा नियम जन्मला तो बहुमताविरुद्धच्या ताकिदीतून!

मात्र इसवी सन २००च्या सुमाराच्या मिश्नाने, म्हणजे यहुदी नियमांच्या संग्रहाने, ताकीद पुरती टाकली नाही. देहदंडाच्या खटल्यात २३ न्यायाधीश. सुटकेला एका मताचे आधिक्य पुरे, शिक्षेला दोन मतांचे हवे. १२ विरुद्ध ११ने कोणी फासाकडे जात नाही. बसायची जागा अर्धवर्तुळाकार, म्हणजे सगळे एकमेकांना दिसतात. आणि मत द्यायला सुरुवात कनिष्ठांपासून, नाहीतर मोठ्याचे ऐकून सगळे माना डोलावतील. गंमत म्हणजे हा शेवटचा नियमही पुढे तल्मूदने, म्हणजे मिश्नावरच्या चर्चांच्या ग्रंथाने, त्याच वचनातल्या ‘वाद’ या शब्दाचे अक्षर वेगळे वाचून काढला.

मग ती भट्टीची प्रसिद्ध गोष्ट. एका मातीच्या भट्टीच्या शुद्धाशुद्धतेवर एक पंडित सगळ्यांविरुद्ध उभा राहिला. झाड उपटून दूर गेले, पाण्याचा ओघ उलटा फिरला, शेवटी आकाशवाणीने त्याचाच निवाडा बरोबर म्हटले. बाकीच्यांनी उत्तर दिले, ‘शास्त्र आता स्वर्गात नाही’, आणि पाठोपाठ तेच तीन शब्द काढले. व्याख्यानांत गोष्ट बहुधा इथेच थांबते. तल्मूदात ती पुढे जाते : त्याने शुद्ध ठरवलेल्या वस्तू बाकीच्यांनी जाळल्या, त्याला बहिष्कृत केले, आणि तो जमिनीवर बसून रडला. बहिष्काराच्या वेळी सभेचा प्रमुख असलेला माणूस पुढे मरण पावला, आणि तो मृत्यू या रडणाऱ्याच्या प्रार्थनेशी जोडलेला आहे. गाळलेला हा भाग मला गोष्टीचा गाभा वाटतो.

आधुनिक इस्रायलने १९४८च्या घोषणेत संदेष्ट्यांच्या न्यायाचा उल्लेख केला. १९८०च्या कायद्याने तर कायदा, पूर्वनिकाल आणि साधर्म्य यांपैकी कशातच उत्तर मिळेना, तेव्हा न्यायालयाने इस्रायलच्या वारशातील स्वातंत्र्य, न्याय, सचोटी व शांती या तत्त्वांकडे पाहावे असे ठरवले. बहुमताची बाजू मांडताना ते तीन शब्द आजही ऐकू येतात, अर्थात पुढचे-मागचे गाळून.

मिश्ना मात्र हरलेले मत पुसत नाही. पुढच्या एखाद्या न्यायसभेला ते पटले तर आधार असावा म्हणून लिहून ठेवते. बहिष्कृत झालेल्या त्या पंडिताचे मत तिच्या पहिल्याच परिच्छेदात आहे.