आई बघते तेव्हा मी खेळतच का असतो?

डिसेंबरात स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेम जिथून घेऊन खेळतो त्या अ‍ॅपवर, वर्षभराचा हिशोब येतो ना, स्टीम रिप्ले, २०२२ पासून सुरू झालाय, तो बघत होतो आणि आई म्हणाली "कधीही बघावं तर तुझं आपलं तेच चालू". मी म्हणलं अगं मी बसतो सरासरी अर्धा-पाऊण तास. आता गंमत अशी की आम्ही दोघंही खरं बोलत होतो.

एरवी स्टीम प्रोफाइलवर गेमचे एकूण तास दाखवतं आणि मागच्या २ आठवड्यांचे. गेम पॉझ करून जेवायला गेलात तरी ते तास मोजले जातात. एका बैठकीत किती वेळ गेला हे त्यात कळत नाही, म्हणून मी सुरू कधी केलं आणि उठलो कधी हे शीटमध्ये लिहायला लागलो.

सोप्या आकड्यांत सांगतो. समजा १० वेळा खेळलात, ९ वेळा २० मिनिटं आणि एकदा सलग ३ तास. एकूण ३६० मिनिटं, सरासरी ३६, मध्यक तर २०च. आता हे दहाही तुकडे जोडून एक लांब दोरी करा आणि डोळे मिटून तिच्यावर कुठेही बोट ठेवा. निम्मी दोरी त्या एकाच ३ तासांच्या तुकड्याची आहे, म्हणजे बोट तिथे पडायची शक्यता ५० टक्के! आई खोलीत डोकावते ते असंच बोट ठेवणं आहे, तिला सापडणाऱ्या बैठकीची सरासरी येते १०० मिनिटं. ती काढायची अशी: प्रत्येक बैठकीच्या मिनिटांचा वर्ग करायचा, बेरीज करायची (३६०००) आणि ३६० ने भागायचं. किंवा सरासरी अधिक (व्हेरियन्स भागिले सरासरी). व्हेरियन्स म्हणजे प्रत्येक बैठक सरासरीपासून किती लांब आहे त्या फरकांच्या वर्गांची सरासरी. इथे व्हेरियन्स २३०४, म्हणून ३६ + ६४, परत १००. म्हणजे सगळा खेळ व्हेरियन्सचा आहे, सगळ्या बैठका सारख्या असत्या तर आईची आणि माझी सरासरी एकच आली असती.

याला इन्स्पेक्शन पॅराडॉक्स म्हणतात. सरासरी दर अर्ध्या तासाला येणाऱ्या एसटीची वाट १५ मिनिटांपेक्षा जास्त बघावी लागते तेही यामुळेच, गाड्या कधी लागोपाठ येतात कधी तासभर नाही, आणि आपण स्टँडवर पोचतो तेव्हा मोठ्या गॅपमध्येच सापडायची शक्यता जास्त असते.

माझ्या ३ तासांच्या बैठका जवळपास सगळ्या स्टारड्यू व्हॅली या शेतीच्या गेमच्या निघाल्या. त्यात गेममधला एक दिवस साधारण १४ मिनिटांचा असतो आणि झोपल्याशिवाय सेव्ह होत नाही, मग अजून एक दिवस, अजून एक दिवस असं होत जातं. ५ मिनिटांच्या ब्लिट्झ बुद्धिबळात डाव संपला की उठता येतं.

आणि हो, नुसते तास बघून कुणाला व्यसनी ठरवू नका, आणि अ‍ॅपने 'तुम्ही अमुक टाइपचे गेमर' म्हणलं म्हणून तेही खरं मानू नका, ते राशिभविष्यासारखंच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्ये, म्हणजे आजारांच्या अधिकृत यादीत, गेमिंग डिसऑर्डर आहे, पण त्यात तासांची मर्यादाच नाहीये, ताबा सुटणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान होत असूनही चालू ठेवणं आणि हे साधारण १२ महिने टिकणं असं बघतात.

आता मी स्टारड्यू आणि ब्लिट्झच्या नोंदी वेगळ्या ठेवतो, कारण एकत्र केल्या की व्हेरियन्स फुगतो आणि कुठल्या गेममुळे फुगला तेच दिसत नाही.