रोल मॉडेलमधून शाळकरी मुलांना विज्ञान-तंत्रज्ञान करिअरची ओळख

विज्ञान-तंत्रज्ञानात प्रत्यक्ष काम करणारी माणसं शाळेतल्या मुलांसमोर आणायची, त्यांच्याशी मुलांना बोलू द्यायचं आणि त्यातून या क्षेत्रातल्या करिअरची ओळख करून द्यायची, अशी ही पद्धत आहे. कधी शास्त्रज्ञ किंवा इंजिनिअर वर्गात येतात, कधी मुलंच लॅब नाहीतर दुर्बीण बघायला जातात, कधी पत्रं किंवा व्हिडिओ कॉल असतो, आणि शास्त्रज्ञांच्या चरित्रकथा वाचायला देणं हेही यातच धरतात. करिअर गायडन्सच्या लेक्चरमध्ये कोर्स, फी, कटऑफ, एन्ट्रन्स असं सगळं सांगतात. इथे त्याच्याही आधीचा प्रश्न असतो, म्हणजे हे काम करणारी माणसं असतात कशी, दिवसभर करतात काय, आणि माझ्यासारख्या घरातल्या मुलाला किंवा मुलीला तिथे जागा आहे का.

याची गरज का पडली ते मुलांच्या चित्रांवरून कळतं. डेव्हिड वेड चेंबर्स यांनी १९६६ ते १९७७ या काळात ४८०७ लहान मुलांकडून 'शास्त्रज्ञाचं चित्र काढा' एवढंच सांगून चित्रं काढून घेतली आणि १९८३ मध्ये निष्कर्ष छापले. पांढरा कोट, चष्मा, दाढी, समोर काचेच्या नळ्या, असाच माणूस पुन्हा पुन्हा आला, आणि सगळ्या ढिगात बाई शास्त्रज्ञाची चित्रं निघाली फक्त २८, तीही सगळी मुलींनीच काढलेली. नंतर २०१८ मध्ये अमेरिकेतल्या अशा ७८ अभ्यासांचा एकत्र हिशोब झाला तेव्हा १९८५ नंतरच्या चित्रांमध्ये बायकांचं प्रमाण सरासरी २८ टक्क्यांपर्यंत वाढलेलं दिसलं, पण मूल जसजसं मोठं होतं तसतसा त्याच्या चित्रात पुरुषच जास्त येऊ लागतो हेही दिसलं. म्हणजे मूल ही समजूत जन्मतः घेऊन येत नाही, आजूबाजूला बघून बघून ती पक्की होत जाते. आपल्याकडे वर्गाच्या भिंतीवर रामन, भाभा, कलाम यांचे फोटो असतात, ते असावेतच, पण फोटोतल्या माणसाला प्रश्न विचारता येत नाही.

कुठलाही मोठा माणूस आणून उभा केला की मुलांना प्रेरणा मिळते, असं समजलं जातं, आणि कार्यक्रम ठरवताना सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. पेनेलोपी लॉकवुड आणि झिवा कुंडा या मानसशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये दाखवलं की दुसऱ्याचं यश बघून हुरूप तेव्हाच येतो जेव्हा ते यश आपल्यालाही गाठता येईल असं वाटतं. त्यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना शेवटच्या वर्षातल्या एका अतिहुशार विद्यार्थ्याबद्दल वाचायला दिलं, तर पहिल्या वर्षाच्या मुलांना उमेद आली आणि शेवटच्या वर्षाच्यांना आली नाही, कारण त्यांच्या हातात तेवढा वेळच उरला नव्हता. न्यूयॉर्कमधला २०१६ सालचा शिओडाँग लिन-सिग्लर आणि सहकाऱ्यांचा प्रयोग तर प्रत्येक शिक्षकाला माहीत असायला हवा. नववी-दहावीच्या ४०२ मुलांपैकी काहींना आइनस्टाइन, मेरी क्युरी, फॅरेडे यांच्या नुसत्या यशाच्या गोष्टी दिल्या आणि काहींना त्यांच्या अडचणींच्या, फसलेल्या प्रयत्नांच्या. अडचणी वाचलेल्या मुलांचे विज्ञानाचे मार्क सुधारले, त्यातही आधी मागे असलेल्यांना जास्त फायदा झाला, नुसतं यश वाचलेल्यांना तो झाला नाही.

या दृष्टीने कमला सोहोनी यांची गोष्ट मराठी शाळांमध्ये आत्ता सांगितली जाते त्याच्या दहापट सांगायला हवी. मुंबई विद्यापीठातनं पहिल्या नंबरने बी.एस्सी. झालेल्या कमला भागवत (हे त्यांचं माहेरचं नाव) यांना १९३३ मध्ये बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये केवळ मुलगी म्हणून प्रवेश नाकारला गेला, आणि नाकारणारे होते खुद्द सी. व्ही. रामन. त्या मागे हटल्या नाहीत, मग अटींवर, आधी एक वर्ष काम बघू असं म्हणून प्रवेश मिळाला, त्यांचं काम बघितल्यावर तिथे मुलींना प्रवेश मिळू लागला, आणि १९३९ मध्ये त्या केंब्रिजहून पीएच.डी. झाल्या. विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री ही ओळख मुलं पाठ करतात, पण मुलांना जवळची वाटते ती त्या अटींवरच्या वर्षाची गोष्ट.

महाराष्ट्रात या कामाचा सगळ्यात चांगला नमुना पुण्यात आहे. जयंत नारळीकर यांनी १९८८ मध्ये आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था उभी केली तेव्हापासून शाळकरी मुलं हा संस्थेच्या कामाचाच भाग धरला गेला. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळांमधली मुलं चंद्रशेखर सभागृहात येऊन बसतात आणि समोर चालू संशोधन करणारा माणूस त्यांना समजेल असं बोलतो, प्रयोग दाखवतो. उन्हाळी सुट्टीतल्या कार्यक्रमात तर मूल काही दिवस एखाद्या शास्त्रज्ञाबरोबरच काम करतं, ठरलेला सिलॅबस नाही, परीक्षा नाही. पु. ल. देशपांडे यांच्या देणगीतून झालेली मुक्तांगण विज्ञान शोधिका याच आवारात आहे, तिथे अरविंद गुप्ता यांनी वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करायला शिकवली, आणि काड्यापेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे यातून विज्ञान शिकवणारा आयआयटीत शिकलेला इंजिनिअर बघणं हीसुद्धा करिअरचीच ओळख असते. नारळीकरांची स्वतःची एक सवय होती. व्याख्यानानंतर मुलं सहीसाठी वह्या पुढे करायची, तेव्हा ते म्हणायचे की सही हवी असेल तर पोस्टकार्डावर विज्ञानातला एक प्रश्न विचारून पाठव, मी उत्तर पाठवीन आणि त्याखाली माझी सही असेल. सही मिळवायला मुलाला आधी घरी बसून विचार करावा लागायचा आणि मग मोठ्या शास्त्रज्ञाचं उत्तर त्याच्या पत्त्यावर यायचं, मूल कुठल्या गावातलं आहे याने काही फरक पडायचा नाही.

दुसरी जागा खोडद. नारायणगावजवळच्या या गावात जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण, म्हणजे आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी दुर्बीण आहे, गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतली, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश साधारण २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला इथे प्रदर्शन भरतं, आजूबाजूच्या ग्रामीण शाळांमधली मुलं आपापले प्रोजेक्ट मांडून टेबलामागे उभी राहतात आणि दुर्बीण बघायला आलेले लोक ते बघत पुढे जातात. मुलगा मॉडेल दाखवतो, आणि पाठ केलेलं संपल्यावर समोरच्या इंजिनिअरने 'मग हे उलटं फिरवलं तर काय होईल' असं विचारलं की तो थांबतो, मॉडेलकडे बघतो आणि स्वतःच्या शब्दात बोलायला लागतो, खरी ओळख तिथून पुढे होते. शिवाय इथे एक गोष्ट आपोआप कळते, की एवढी दुर्बीण नुसत्या खगोलशास्त्रज्ञांवर चालत नाही. डिश फिरवणाऱ्या मोटर, स्टीलच्या बारीक तारांची जाळी, केबल, रिसीव्हर, कॉम्प्युटर, या प्रत्येकामागे मेकॅनिक, इलेक्ट्रॉनिक्सचे लोक, प्रोग्रामर असतात. आयटीआय किंवा डिप्लोमा केलेला टेक्निशियनसुद्धा रोल मॉडेल असू शकतो हे बऱ्याच कार्यक्रमांमध्ये विसरलं जातं, त्याला स्टेजवर कोणी बोलावतच नाही, आणि ग्रामीण भागातल्या मुलाला तर तोच रस्ता सगळ्यात आधी दिसू शकतो.

शिक्षकही रोल मॉडेल ठरतात. रघुनाथ माशेलकर नेहमी सांगतात की गिरगावातल्या शाळेत भावे सरांनी मुलांना उन्हात नेऊन भिंगाने कागद जाळून दाखवला आणि शक्ती एका जागी एकवटली की काय होतं ते समजावलं, शास्त्रज्ञ व्हायचं त्यांच्या मनात तिथे आलं.

अशा भेटींचा उपयोग किती होतो यावर फ्रान्समध्ये मोठा प्रयोग झाला. २०१५-१६ मध्ये पॅरिस परिसरातल्या ९८ शाळांमध्ये विज्ञानक्षेत्रात काम करणाऱ्या ५६ बायका वर्गावर गेल्या, फक्त तासभर, आणि त्या गेल्या ते वर्ग आणि गेल्या नाहीत ते वर्ग अशी जवळपास २०००० मुलामुलींची तुलना केली गेली. 'हे काम मुलींचं नाही' वगैरे समजुती कमी झाल्या, आणि शाळेच्या शेवटच्या वर्षातल्या, अभ्यासात पुढे असलेल्या मुली अवघड, पुरुषांचं प्राबल्य असलेल्या विज्ञान-इंजिनिअरिंगच्या कोर्सकडे जास्त वळल्या. बाकीच्यांच्या निवडीत मात्र विशेष फरक पडला नाही. सगळ्यात जास्त परिणाम त्या भेटींचा झाला जिथे कामाबद्दल मोकळेपणाने सांगितलं गेलं आणि 'या क्षेत्रात बायका किती कमी आहेत' हे फार उगाळलं गेलं नाही. हे मुद्दाम लिहायचं कारण म्हणजे आपल्याकडच्या भाषणांमध्ये नेमकं तेच उगाळलं जातं, आणि ऐकणाऱ्या मुलीच्या डोक्यात कामाऐवजी अडचणच राहते.

घर हा दुसरा मोठा भाग. इंग्लंडमध्ये लुईस आर्चर यांच्या नेतृत्वाखाली २००९ पासून चाललेल्या ॲस्पायर्स प्रकल्पात दिसलं की १० ते १४ वयाच्या बहुतेक मुलांना विज्ञान आवडतं, पण शास्त्रज्ञ व्हायचंय असं म्हणणारी मुलं १५ टक्क्यांच्या आसपासच, आणि घरात किंवा ओळखीत कोणी विज्ञानातलं आहे का यावर बरंच काही ठरतं. भारत सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २०१९ मध्ये सुरू केलेल्या विज्ञान ज्योती योजनेत याचा विचार दिसतो. नववी ते बारावीच्या मुलींसाठी असलेली ही योजना जवाहर नवोदय विद्यालयांमार्फत चालते, त्यात बायका शास्त्रज्ञांशी भेटी, लॅब दाखवणं आणि जादा तास आहेतच, पण मुलीबरोबर आईवडिलांचंही समुपदेशन केलं जातं, कारण अकरावीला सायन्स घ्यायचं की नाही, शहरात होस्टेलवर राहायचं की नाही, हे मुलीच्या एकटीच्या हातात नसतं.