शेवटून पहिला: ब्रॉक पर्डीच्या साडेसव्वीस कोटी डॉलरमागची गोष्ट

मे २०२५मध्ये अमेरिकन फुटबॉलमधल्या सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स या संघाने आपला क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चढाई चालवणारा खेळाडू) ब्रॉक पर्डी याच्याशी पाच वर्षांचा नवा करार केला. रक्कम २६ कोटी ५० लाख डॉलर, त्यातले १८ कोटी १० लाख हमीचे. दोन वर्षांपूर्वी, २०२३च्या हंगामात, याच खेळाडूचा वर्षाचा मूळ पगार होता ८ लाख ७० हजार डॉलर. आणि त्याच हंगामात त्याने संघाला सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत, नेलं होतं. ही तफावत समजून घ्यायची तर पर्डीच्या हाताइतकंच एनएफएल या अमेरिकी फुटबॉल लीगच्या हिशेबवहीकडेही पाहावं लागतं.

आयपीएलचा लिलाव पाहिलेल्या माणसाला एनएफएलचा ड्राफ्ट जरा अळणी वाटेल. तिथे बोली लागत नाही. आदल्या हंगामात तळाला राहिलेल्या संघाची पाळी आधी, विजेत्याची शेवटी. अशा सात फेऱ्या. कॉलेजातून बाहेर पडलेल्या खेळाडूला ज्या संघाने उचललं, त्याच संघाकडे जायचं. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०११च्या कामगार करारापासून नवख्याचा पगारही मुख्यतः तो कितव्या क्रमांकावर निवडला गेला यावरूनच ठरतो. शिवाय पहिले तीन हंगाम पुरे होईपर्यंत करारात बदल करता येत नाही. मालक खूश झाला आणि स्वतःहून वाढवून देतो म्हणाला, तरी नाही.

एप्रिल २०२२मध्ये लास वेगासला झालेल्या ड्राफ्टमध्ये २६२ नावं पुकारली गेली. पर्डीचं नाव २६२वं. त्याच्याआधी आठ क्वार्टरबॅक निवडले गेले होते.

शेवटच्या निवडीला तिकडे ‘मिस्टर इररेलेव्हंट’ म्हणतात, आपल्या भाषेत ‘खिजगणतीत नसलेले महाशय’. ही थट्टा १९७६मध्ये पॉल सलाटा नावाच्या माजी खेळाडूने सुरू केली. शेवटून पहिल्या आलेल्याला कॅलिफोर्नियातल्या न्यूपोर्ट बीचला बोलवायचं, त्याच्या नावाने आठवडाभर मौजमजा करायची आणि हातातून चेंडू निसटतोय अशा खेळाडूचा पुतळा त्याला बक्षीस द्यायचा. सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मिळणाऱ्या हाइझमन ट्रॉफीची नक्कल म्हणून याचं नाव ‘लोझमन ट्रॉफी’. चेष्टा प्रेमळच आहे, पण खेळाडूची कुवत काय समजली जाते तेही त्यातून कळतंच. गंमत म्हणजे सलाटा स्वतः फोर्टीनाइनर्सकडूनच खेळलेले. ऑक्टोबर २०२१मध्ये ते गेले; पर्डीचा प्रताप पाहायला राहिले नाहीत.

पर्डी ॲरिझोनाचा, जन्म डिसेंबर १९९९. वडील व्यावसायिक बेसबॉलच्या खालच्या लीगमध्ये चेंडू फेकायचे. गिल्बर्टच्या पेरी हायस्कूलमध्ये असताना तो राज्यातला सर्वोत्तम खेळाडू ठरला, तरी मोठ्या कॉलेजांना त्याची आठवण उशिरा झाली. अलाबामासारख्या बलाढ्य कॉलेजचं बोलावणं शेवटी आलं, पण त्याने निवडलं आयोवा स्टेट. मक्याच्या शेतांमधलं एम्स नावाचं गाव आणि १९१२नंतर आपल्या गटाचं एकही विजेतेपद न मिळवलेला संघ. पहिल्याच वर्षी, ऑक्टोबर २०१८मध्ये, ओक्लाहोमा स्टेटविरुद्ध त्याला मैदानात उतरवलं आणि आयोवा स्टेटने ४८-४२ असा सामना मारला. त्यानंतर चार वर्षं जागा त्याचीच. २०२०च्या हंगामात हा संघ गटाच्या अंतिम सामन्यात पोचला, तिथे हरला, पण नंतर फिएस्टा बोल या मानाच्या कॉलेज सामन्यात ओरेगनला त्याने ३४-१७ असं हरवलं. कॉलेज संपलं तेव्हा पर्डीच्या नावावर १२,१७० पासिंग यार्ड (फेकींतून कापलेलं अंतर) आणि ८१ टचडाऊन पास (थेट गुण मिळवून देणाऱ्या फेकी) होते.

मग तो शेवटी का गेला? उंची सहा फूट एक इंच, म्हणजे क्वार्टरबॅकसाठी बेताचीच. फेकीत डोळे दिपवणारी ताकद नाही. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी आलेखही फारसा वर चढला नव्हता. निवडसमित्या अशा वेळी ‘याची वाढ संपली’ असं म्हणून पान उलटतात. चार वर्षं सलग खेळल्यामुळे आलेली समज कोणत्या पट्टीने मोजायची, हा प्रश्न त्यांच्याकडे अजून सुटलेला नाही.

फोर्टीनाइनर्सना खरं तर क्वार्टरबॅक नकोच होता. वर्षभर आधी त्यांनी पुढच्या दोन वर्षांच्या पहिल्या फेरीच्या पाळ्या मायामीला देऊन टाकून ड्राफ्टमध्ये तिसऱ्या क्रमांकावर ट्रे लान्स या क्वार्टरबॅकला घेतलं होतं. लान्सचा चार वर्षांचा करार सुमारे ३ कोटी ४० लाख डॉलरचा; पर्डीचा, तेवढ्याच वर्षांचा, साधारण ३७ लाखांचा. सोबत अनुभवी जिमी गॅरोपोलो होताच. पर्डी संघातला तिसरा क्वार्टरबॅक म्हणून टिकला तोही नेट सडफेल्डला मागे टाकून. सडफेल्डला २० लाख डॉलरची हमी दिलेली असतानाही संघाने ऑगस्टमध्ये सोडलं. ही बातमी तेव्हा कोणी फारशी वाचली नसेल, पण प्रशिक्षक काइल शॅनहन यांना सरावात काय दिसलं होतं ते तिच्यात आहे.

पुढचं घडलं ते हाडं मोडत मोडत. सप्टेंबरमध्ये दुसऱ्याच सामन्यात लान्सचा घोटा मोडला. ४ डिसेंबरला मायामीविरुद्ध पहिल्याच सत्रात गॅरोपोलोचं पाऊल मोडलं. पर्डी उतरला, ३७पैकी २५ फेकी अचूक, दोन टचडाऊन. सामना ३३-१७ असा खिशात. पुढच्या रविवारी त्याने पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळायचं होतं आणि समोर होता लीगमधला सर्वांत यशस्वी क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी. स्वतः १९९व्या क्रमांकावर निवडला गेलेला ब्रेडी एनएफएलमध्ये आला तेव्हा पर्डी चार महिन्यांचा होता. त्या दिवशी निकाल लागला ३५-७, पर्डीच्या बाजूने. नियमित हंगामात सुरुवातीपासून खेळलेले पाचही सामने त्याने जिंकले. बादफेरीत सिअ‍ॅटल आणि डॅलसलाही लोळवलं.

मग फिलाडेल्फिया. २९ जानेवारी २०२३, सुपर बोलच्या आधीचा सामना. पहिल्याच काही मिनिटांत हासन रेडिकने फेकता हातच पकडला आणि पर्डीच्या उजव्या कोपराचा अस्थिबंध फाटला. बदली आलेल्या जॉश जॉन्सनच्या डोक्याला मार बसला, तेव्हा चेंडू धड फेकता न येणाऱ्या पर्डीलाच पुन्हा मैदानात उभं केलं. ३१-७ असा दारुण पराभव. ही दुखापत मुख्यतः बेसबॉलमधल्या गोलंदाजांची. मार्चमध्ये टेक्सासमधल्या डॉ. कीथ माइस्टर यांनी अस्थिबंध पूर्ण न बदलता शिवून, आतून आधार देऊन दुरुस्त केला. त्यामुळे वर्षभराची वाट वाचली आणि सप्टेंबरमध्ये पिट्सबर्गला तो पहिल्या सामन्याला हजर. त्याआधीच ऑगस्टमध्ये लान्सला चौथ्या फेरीच्या एका पाळीच्या मोबदल्यात डॅलसला धाडलं गेलं होतं.

२०२३चा हंगाम मात्र नीट पाहण्यासारखा. ४,२८० यार्ड, म्हणजे जेफ गार्सियाचा २०००चा संघविक्रम अवघ्या दोन यार्डांनी मागे. ३१ टचडाऊन, ११ इंटरसेप्शन (विरोधकांनी झेललेल्या फेकी), पासर रेटिंग (फेकींच्या कामगिरीचा गुणांक) ११३, लीगमध्ये सर्वाधिक. नाताळच्या रात्री बाल्टिमोरविरुद्ध त्याचे चार चेंडू विरोधकांनी झेलले, तेव्हा टीकाकारांना आयतंच कोलीत मिळालं. मॅकॅफ्री, सॅम्युएल, किटल, आययुक असे चेंडू झेलणारे आणि घेऊन धावणारे गडी दिमतीला असल्यावर कोणीही जिंकेल. हा नुसता ‘गेम मॅनेजर’, म्हणजे चुका टाळून सामना सांभाळणारा, असं कॅम न्यूटनसारखा माजी खेळाडूही बोलून गेला होता.

या आक्षेपात तथ्य आहे, पण तो उलटूनही वाचता येतो. २०२३मध्ये एका संघाला एकूण पगारांवर २२ कोटी ४८ लाख डॉलरची मर्यादा होती. सगळ्यात महागड्या जागेवर तिचा अर्धा टक्काही खर्च होत नव्हता, म्हणून तर ते चौघे एका संघात मावत होते. पर्डीला उत्तम साथीदार मिळाले हे खरंच, पण त्यांची सोय त्याच्याच तुटपुंज्या पगारातून होत होती.

त्याच हंगामात सुपर बोलच्या आधीच्या सामन्यात डेट्रॉइटविरुद्ध मध्यांतराला २४-७ असं मागे असताना त्याने ३४-३१ असा सामना फिरवला. माझ्या मते त्याचा पुरता कस लागलेला दिवस तो. लास वेगासच्या सुपर बोलमध्ये कॅन्सस सिटीने जादा वेळेत २५-२२ असं हरवलं. ड्राफ्टमध्ये शेवटी निवडलेला क्वार्टरबॅक सुपर बोलच्या सुरुवातीलाच मैदानात उतरण्याची ती पहिलीच वेळ होती.

२०२४ पडतीचं. मॅकॅफ्री चारच सामने खेळला, आययुकचा गुडघा गेला, संघ सहा विजय आणि अकरा पराभव असा कोसळला, पर्डीचेही २० टचडाऊन आणि १२ इंटरसेप्शन. पण तीन हंगामांची अट त्या जानेवारीत संपली होती. सॅन फ्रान्सिस्कोचं नाव लावून सांता क्लारात खेळणारा हा संघ (तिथल्या मराठी मंडळींना सामन्याच्या दिवशीची वाहनकोंडी चांगलीच ठाऊक आहे) आता बिल चुकवायला बसला. मार्चपासूनच आवराआवर सुरू झाली. संघातले हुफांगा आणि ग्रीनलॉ डेन्व्हरला गेले, वॉर्ड इंडियानापोलिसला, बँक्स ग्रीन बेला. मे महिन्यात पर्डीने सही केली तेव्हा डीबो सॅम्युएलही पाचव्या फेरीच्या एका पाळीच्या बदल्यात वॉशिंग्टनला जाऊन पोचला होता.