शेलग्रीट ते झिओलाइट: अंड्याच्या कवचामागची गोष्ट

लेयरच्या, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्यांच्या शेडमध्ये खाद्याच्या पन्हाळीत बोटं फिरवली की मक्याच्या भरड्यात कडक खडे हाताला लागतात. ही शेलग्रीट, शिंपल्यांचा जाडा चुरा. अंड्याचं कवच तयार व्हायला साधारण २० तास लागतात आणि त्यातलं बरंचसं काम रात्री चालतं, कोंबडी काहीच खात नसताना. चुनखडीची पूड पोटातून लवकर पुढे सरकते. जाडा खडा मात्र रात्रभर झिजत राहतो आणि कॅल्शियम पुरवतो. तरीही कमी पडलं तर कोंबडी ते स्वतःच्या हाडांतून काढते. एका कवचात दोन ग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं, म्हणून हा हिशोब रोजचा.

नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा-पेठच्या पाड्यांवर हा प्रश्न कधी फारसा आलाच नाही. गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते आणि दिवसभर फिरून गोगलगाई, किडे, माती, भिंतीचा सुटलेला चुना टिपते. काय कमी पडतंय ते तिचं तिलाच कळतं. पिंजऱ्यातली संकरित लेयर वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देते आणि पुढ्यात येईल तेच खाते. निवड तिच्याकडून गेली, ती आपल्या अंगावर आली. माझ्या मते कोंबडीखाद्यातल्या खनिज मिश्रणाचा सगळा इतिहास इथून सुरू होतो.

कॅल्शियमच्या जोडीला लागणाऱ्या फॉस्फरससाठी पूर्वी खाद्यात हाडांचा चुरा चालायचा. १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये गाईंचा मेंदूचा रोग ओळखला गेला, २००१ मध्ये युरोपीय संघाने पशुखाद्यात प्राणिज भुकटीवर बंदी घातली आणि सगळीकडेच हाडचुऱ्याकडे संशयाने पाहिलं जाऊ लागलं. भर डीसीपीवर, म्हणजे डायकॅल्शियम फॉस्फेटवर आला. तो बनतो रॉक फॉस्फेट या खनिज दगडापासून आणि ते आपण बहुतांश बाहेरून आणतो. २००८ मध्ये त्याचे भाव भडकले, तेव्हा पर्यायांची निकड सगळ्यांनाच कळली. धान्यातला अडकलेला फॉस्फरस मोकळा करणारं फायटेज एन्झाइम १९९०च्या दशकापासून मिळू लागलं होतं, त्याचा मोठा आधार झाला.

पण कवच सुधारायचं तर नाशिककराला सगळ्यात जवळचा पर्याय झिओलाइट या खनिजाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हात राहिलेल्या पोकळ्यांमध्ये हे स्फटिक वाढले. पांडवलेणीच्या परिसरातल्या खाणींत काळा दगड फुटला की आत स्टिल्बाइट हा गुलाबीसर झिओलाइट चमकतो. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात असे नमुने डोळे भरून पाहता येतात. तापवल्यावर खदखदतो म्हणून स्वीडनचा खनिजशास्त्रज्ञ क्रोनस्टेट याने १७५६ मध्ये झिओलाइटला ‘उकळणारा दगड’ अशा अर्थाचं नाव दिलं. जपानमध्ये १९६०च्या दशकात नैसर्गिक झिओलाइट कोंबड्यांच्या खाद्यात घालून पाहिला गेला. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या ऑबर्न विद्यापीठात कृत्रिम सोडियम झिओलाइट शेकडा एकच्या आसपास दिल्यावर कवच सुधारलेलं दिसलं. मात्र त्यातलं अॅल्युमिनियम फॉस्फरस अडवतं, हेही पुढे आलं. नैसर्गिक झिओलाइटचे निकाल तर कधी चांगले, कधी नाहीत.

म्हणून खाणीतला दगड कुटून पन्हाळीत टाकू नये, हे कळकळीने सांगतो. खाद्यात वापरतात तो मुख्यतः क्लिनोप्टिलोलाइट या प्रकारचा झिओलाइट. आपल्याकडचा स्टिल्बाइट वेगळा, आणि हिउलँडाइट हा आणखी एक झिओलाइट रचनेने क्लिनोप्टिलोलाइटसारखाच असला तरी त्यात सिलिका कमी. शिवाय शिसं, आर्सेनिक यांची तपासणी हवीच. आणि झिओलाइट घातला तरी शेलग्रीट काढता येत नाही, कारण शेकडा एक-दोन झिओलाइटमधून कवचापुरतं कॅल्शियम मिळत नाही.