फायटर माशाचे आजारपण ओळखणे

पाळलेला फायटर मासा निपचित पडू लागला, खाईनासा झाला किंवा त्याचा रंग उतरला, की त्यामागचे कारण हुडकून काढण्याची रीत. या कामाचा क्रम आधी पाणी, मग मासा आणि सर्वांत शेवटी औषध असा असतो. घरोघरी तो नेमका उलटा होतो. मासा मलूल दिसला की निळ्या औषधाची बाटली येते आणि ज्या पाण्याने तो आजारी पडला त्याच पाण्यात ती ओतली जाते. पुण्यासारख्या शहरात, जिथे डिसेंबरची रात्र आणि एप्रिलची दुपार यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो आणि नळाचे, टँकरचे, बोअरचे पाणी एकाच इमारतीत आलटून पालटून येते, तिथे पाण्यापासून सुरुवात करण्याला पर्याय नाही.

फायटर म्हणजे बेट्टा स्प्लेंडेन्स. चार्ल्स टेट रीगन या ब्रिटिश मत्स्यशास्त्रज्ञाने १९१० मध्ये त्याला हे शास्त्रीय नाव दिले. तो मूळचा थायलंडच्या मैदानी भागातल्या भातखाचरांचा, दलदलीचा आणि उथळ, कोमट, संथ पाण्याचा रहिवासी. थाई भाषेत त्याला ‘प्लाकट’, म्हणजे चावणारा मासा म्हणतात. २०१९ मध्ये थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. कल्ल्यांशिवाय त्याच्या डोक्यात लॅबिरिंथ नावाचा घड्याघड्यांचा अवयव असतो. त्याच्या जोरावर तो पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेतो. याच गुणामुळे तो दुकानात प्लास्टिकच्या ग्लासात तग धरतो आणि ‘याला काही लागत नाही’ असा समज पसरतो. कमी प्राणवायूच्या पाण्यात तो जगतो हे खरे, पण साचलेला अमोनिया आणि गारठा यांच्यापुढे लॅबिरिंथ काहीच कामाचा नाही.

आजार नसलेली लक्षणे

निम्मी धास्ती इथेच मिटते. फायटर झोपतो, तोही पानावर आडवा होऊन किंवा तळाशी कोपऱ्यात टेकून. दिवा लावल्यावर किंवा काचेजवळ बोट नेल्यावर तो चटकन हलला, तर तो झोपलेलाच होता. पाण्यावर साबणाच्या फेसासारखा बुडबुड्यांचा थर दिसला, तर ते नराने बांधलेले घरटे असते. मादीच्या पोटाखालचा एकुलता एक पांढरा ठिपका म्हणजे अंडी घालण्याच्या नळीचे टोक. त्याला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग समजून औषध देणारे बरेच भेटतात. ‘मार्बल’ जातीचे मासे वयाबरोबर रंग बदलतात, कधी निळ्याचे पांढरे, कधी पांढऱ्याचे काळपट. ड्रॅगन स्केल जातीत जाड खवले डोळ्यावर चढत जातात. त्याने दृष्टी जाते, पण हा संसर्ग नव्हे आणि त्यावर औषधही नाही. नवा आणलेला मासा दोन-चार दिवस अन्नाला तोंड लावत नाही, हेही नेहमीचेच.

तापमान

फायटरला २४ ते २८ अंश सेल्सिअस पाणी मानवते. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा अनेकदा १० अंशांच्या आसपास उतरतो. खिडकीपाशी ठेवलेल्या दोन-तीन लिटरच्या काचेच्या बरणीतले पाणी अशा पहाटे १८ अंशांपर्यंत सहज येते. मासा हा थंड रक्ताचा प्राणी असल्याने त्याची पचनक्रिया, रोगप्रतिकार आणि हालचाल सगळेच मंदावते.

जानेवारीतला एक ठरलेला प्रसंग असा. मासा दोन दिवस तळाशी बसून आहे, पर मिटलेले, टाकलेला दाणा तसाच विरघळतोय. सून दुकानातून बुरशीचे औषध घेऊन येते. आजी बरणीला हात लावून म्हणतात, “अगं, गारठलाय तो.” आजींचे निदान बरोबर असते, फक्त त्या बरणीभोवती गुंडाळतात त्या शालीचा उपयोग नसतो, कारण शाल उष्णता तयार करत नाही. दीडशे-दोनशे रुपयांचा थर्मामीटर आणि थर्मोस्टॅट असलेला छोटा हीटर (वीसेक लिटरच्या टाकीला ५० वॅट) यांनी हा ‘आजार’ बहुधा एक-दोन दिवसांत ओसरतो. पाणी हळूहळू, तासाला अंशभरापेक्षा जास्त नाही, असे तापवावे. टाकीवर झाकण ठेवावे, कारण मासा पृष्ठभागावरची हवा घेतो आणि ती हवाही उबदार लागते.

पाणी

इथे सर्वांत उपयोगी प्रश्न म्हणजे ‘केव्हापासून?’ पाणी बदलल्यावर तासाभरात मासा टाकीभर धडपडू लागला, तोंड वर काढून धापा टाकू लागला, तर क्लोरीनचा किंवा तापमानातल्या फरकाचा संशय घ्यावा. पाणी बदलून आठवडा उलटल्यावर तो मलूल होत गेला, कल्ले लालसर दिसू लागले, तर अमोनियाचा.

बहुतांश पुण्याला खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणसाखळीचे पाणी क्लोरीन घालून मिळते. महापालिका देखभालीसाठी बहुधा गुरुवारी पाणी बंद ठेवते आणि शुक्रवारी सकाळी ते उशिरा व कमी दाबाने येईल असे कळवते. हे शुक्रवारचे पहिले, गढूळ पाणी थेट टाकीत घालू नये. गंमत अशी की बुधवारी रात्री भीतीपोटी भरून ठेवलेले बादलीतले पाणी माशासाठी जास्त चांगले. चोवीस तास उघडे राहिल्यावर त्यातला मुक्त क्लोरीन बराचसा उडून गेलेला असतो. घाई असेल तर दुकानात ‘अँटी-क्लोरीन’ म्हणून मिळणारे सोडियम थायोसल्फेट काम करते. वाघोली, बाणेर अशा भागांत टँकर आणि बोअरचे पाणी येते. दख्खनच्या बेसाल्टातून आलेले बोअरचे पाणी बरेचदा जड असते. फायटर जड पाण्यालाही सरावतो, पण आज नळाचे आणि उद्या बोअरचे अशी उलथापालथ त्याला सोसत नाही. ‘शुद्ध’ म्हणून निव्वळ आरओचे पाणी घालण्याची एक नवी रीत आहे. त्यात क्षार जवळजवळ नसल्याने पीएच, म्हणजे सामू, टिकत नाही. माशाच्या दृष्टीने हे शुद्ध पाणी कुपोषित असते.

अमोनिया माशाच्या विष्ठेतून, कल्ल्यांतून आणि कुजलेल्या अन्नातून येतो. फिल्टरच्या स्पंजवर वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग त्या मानाने निरुपद्रवी नायट्रेट करतात. ही वसाहत तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. म्हणूनच नवी कोरी, चकाचक टाकी ही माशासाठी सर्वांत धोक्याची. स्पंज नळाखाली खसखसून धुतला की क्लोरीनने वसाहत मरते आणि सगळे पहिल्यापासून. तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. अमोनियाचे विषारीपण सामू आणि तापमानाबरोबर वाढते: २५ अंशांना सामू ७ वरून ८ झाला, तर विषारी रूपातला अमोनिया जवळपास दहापट होतो. त्यामुळे एप्रिलच्या उन्हाळ्यात, बोअरच्या पाण्यात, महिनाभर तशीच चाललेली टाकी एकाएकी घात करते. टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले पाहिजेत. किट नसेल तर रोज चौथा हिस्सा पाणी बदलून तीन दिवस मासा पाहावा. सुधारला तर निदान झालेच.

टाकीबाहेरची विषे विसरली जातात. डासांसाठी लावलेली लिक्विडची मशीन आणि फवारे यांतली पायरेथ्रॉइड्स ही कीटकनाशके माशांना अत्यंत घातक. दिवाळीआधीच्या साफसफाईत फिनेलचा हात टाकीत गेला, असेही घडते.

अंगावरच्या खुणा

पाणी निर्दोष ठरले, तरच माशाकडे वळावे. खोलीतले दिवे मालवून मोबाइलचा टॉर्च बाजूने मारावा. अंगावर मिठाचे खडे शिंपडल्यासारखे वेगवेगळे, मोजता येणारे ठिपके असतील, तर तो पांढऱ्या ठिपक्यांचा रोग (इक). हळदीची पूड उडाल्यासारखी पिवळसर-सोनेरी झिलई चमकली, तर ‘वेल्वेट’. दोन्ही परजीवी, दोन्हींत मासा दगडावर अंग घासतो. इकचा जीव त्वचेखाली असतो तोवर औषध त्याला पोचत नाही, फक्त पाण्यात पोहणाऱ्या पिल्लांना मारते. म्हणून ठिपके गेले तरी उपचार चालू ठेवावे लागतात.

तोंडावर किंवा पाठीवर खोगिरासारखा करडा-पांढरा पट्टा दिसला, तर कॉलम्नॅरिस असू शकतो. हा जिवाणूचा संसर्ग असून कापसासारखा दिसल्याने बुरशी समजला जातो. इथे चूक महागात पडते. इकसाठी पाण्याचे तापमान वाढवतात, कॉलम्नॅरिस मात्र उबेत आणखी झपाट्याने पसरतो.

परांच्या कडा काळ्या-लाल होऊन झिजत गेल्या तर पर-कुज. पण एका रात्रीत शेपटीला स्वच्छ, अर्धवर्तुळाकार तुकडा गायब झाला असेल, तर माशाने स्वतःच शेपटी चावली किंवा ती प्लास्टिकच्या झाडात फाटली. वरून पाहताना खवले देवदाराच्या फळासारखे उभे दिसले तर जलोदर. हे मूत्रपिंडे निकामी होत असल्याचे लक्षण, आणि इथून मासा क्वचितच परततो. पोट फुगून मासा कलंडत असेल, पण खवले बसलेले असतील, तर बहुतेक वेळा जास्त खाणेच कारण: दोन-तीन दिवस उपास घडवावा. वाटाणा भरवण्याचा सल्ला गोल्डफिशचा आहे, फायटर मांसाहारी.

उपचारांविषयी

खडे मीठ दर लिटरला एक ते दोन ग्रॅम, विरघळवून, आठ-दहा दिवसांपुरते वापरतात. मिथिलीन ब्लू हे निळे औषध वेगळ्या भांड्यात वापरावे, टाकीत घातल्यास फिल्टरचे जिवाणू मरतात. सोसायट्यांच्या आवारातल्या देशी बदामाची लाल होऊन गळलेली पाने धुऊन, वाळवून टाकीत टाकण्याची पद्धत आहे. त्यांतल्या टॅनिनने पाणी चहासारखे होते, सामू किंचित उतरतो. मासा शांत राहतो, आजार त्याने बरा होत नाही. एका वेळी दोन औषधे देऊ नयेत, कारण मग कशाने काय झाले हेच कळत नाही.

फायटर दोन ते चार वर्षे जगतो आणि दुकानातला रुबाबदार नर विकला जातो तेव्हाच सहा महिन्यांचा ते वर्षाचा असतो. दोन वर्षांनी रंग विटणे, पाठीला पोक येणे हे बहुधा म्हातारपण. मात्र पोक, सुकत जाणे आणि न भरणाऱ्या जखमा एकत्र दिसल्या, तर मायकोबॅक्टेरिया या जिवाणूंचा संसर्ग असू शकतो. तो माणसाच्या हातावरच्या जखमेतूनही शिरतो. हातमोजे घालावेत. आजारी मासा मुठा नदीत किंवा पाषाण तलावात सोडू नये, मेलेला कुंडीच्या मातीत खोल पुरावा. नवा मासा आणण्याआधी इक झालेली टाकी माशाविना दोन-तीन आठवडे चालवली तरी परजीवी यजमानावाचून मरतात. मायकोबॅक्टेरियाचा संशय असेल तर स्पंज, वाळू आणि जाळी टाकून द्यावी लागते.