महापुरातले मांजर आणि प्रकाशाचे गणित

मार्च 2025 मध्ये सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचे ऑस्कर ‘फ्लो’ या लाटवियाच्या चित्रपटाला मिळाले, तेव्हा बोलबाला झाला तो मुख्यतः त्याच्या खर्चाचा. मोठ्या स्टुडिओंचे अ‍ॅनिमेशनपट दहा कोटी डॉलरांच्या पुढे सहज जातात. दिग्दर्शक गिंट्स झिल्बालोदिस यांनी हा चित्रपट सुमारे 35 लाख युरोंत केला, आणि तोही ब्लेंडर या विनामूल्य, मुक्त स्रोत सॉफ्टवेअरवर. मात्र सॉफ्टवेअर फुकट मिळाले म्हणून सगळे साधले, हे स्पष्टीकरण मला अपुरे वाटते. संगणकाने प्रकाशाचा हिशेब कसा मांडला, हे त्याहून महत्त्वाचे आहे.

त्रिमितीय दृश्यापासून पडद्यावरचे चित्र तयार करण्याला रेंडरिंग म्हणतात. प्रचलित पद्धतीत चित्रातल्या प्रत्येक बिंदूतून शेकडो काल्पनिक किरण दृश्यात सोडले जातात, ते पाण्यावर, दगडांवर, केसांवर आदळून कुठे वळतात हे पाहिले जाते आणि अखेरीस त्यांची सरासरी काढली जाते. किरणांच्या दिशा यादृच्छिक असल्यामुळे चित्रात दाणेदारपणा उरतो, आणि तो निम्म्यावर आणायचा तर किरण दुप्पट नव्हे, चौपट लागतात. सेकंदाला 24 याप्रमाणे 85 मिनिटांत 1,22,400 चौकटी (फ्रेम) होतात; एका चौकटीला एक तास धरला, तर एकट्या संगणकाला हे काम जवळजवळ 14 वर्षे पुरेल. मोठे स्टुडिओ म्हणूनच हजारो प्रोसेसर एकत्र जुंपतात.

ब्लेंडरमध्ये 2019 साली आलेले आणि ‘फ्लो’साठी वापरलेले ‘ईव्ही’ हे रेंडर इंजिन व्हिडिओ गेमची वाट धरते. किरणांचा पाठलाग करण्याऐवजी ते दृश्यातल्या वस्तू ज्या छोट्या त्रिकोणांनी बनलेल्या असतात, ते त्रिकोण थेट पडद्याच्या प्रतलावर उतरवते, आणि सावली कुठे पडेल हे दिव्याच्या जागेवरून मोजलेल्या अंतरांच्या नकाशावरून ठरवते. प्रतिबिंबे तर ते बहुधा पडद्यावर आधीच उमटलेल्या चित्रातून उचलते. साहजिकच जे चौकटीबाहेर आहे किंवा कशाआड दडले आहे, ते पाण्यात दिसत नाही. ज्या कथेचा विषयच महापूर आहे, तिच्यासाठी ही मर्यादा पत्करणे धाडसाचेच म्हटले पाहिजे. मोबदल्यात एकेक चौकट काही सेकंदांत तयार होऊ लागली आणि संगणकांच्या ताफ्याची गरज उरली नाही.

या वेगाचा परिणाम कथनावरही झाला. झिल्बालोदिस यांनी स्टोरीबोर्ड, म्हणजे दृश्यांची आधी काढायची रेखाटने, काढलेच नाहीत. आधी कच्चे त्रिमितीय जग उभारून, प्रत्यक्ष ठिकाणी कॅमेरा घेऊन हिंडावे तसे त्यांनी त्यात आभासी कॅमेऱ्याने कोन शोधले. प्रकाश बदलला की परिणाम तत्काळ समोर दिसत होता. संवाद नसलेल्या या चित्रपटात मांजराच्या उंचीवरून त्याच्यामागे जाणारी, मिनिटा-मिनिटांची अखंड दृश्ये आहेत, आणि ती अशा शोधातूनच सुचण्यासारखी आहेत.

प्राण्यांच्या हालचालींना मात्र हा वेग लागू पडला नाही. खऱ्या प्राण्यांचे निरीक्षण करून त्या हालचाली अ‍ॅनिमेटरांनी हातानेच घडवल्या, आणि त्या कामासाठी फ्रान्स व बेल्जियममधल्या स्टुडिओंची मदत घ्यावी लागली.