फायनाइट एलिमेंट विश्लेषणातील संपर्क

यंत्राचे किंवा बांधकामाचे सुटे भाग एकमेकांना टेकतात तिथली बलांची देवाणघेवाण फायनाइट एलिमेंट विश्लेषणात (वस्तूचे छोटे तुकडे कल्पून तिच्यावरील बलांचा परिणाम संगणकावर काढण्याच्या पद्धतीत) मांडणे, याला संपर्काचे प्रतिमान म्हणतात. अभियंत्यांच्या बोलण्यात नुसते ‘कॉन्टॅक्ट’. टेकलेले भाग एकमेकांना दाबू शकतात, पण ओढू शकत नाहीत आणि एकमेकांत घुसूही शकत नाहीत. अट एवढीच. मात्र भाग नेमके कुठे टेकले आहेत हे उत्तर निघाल्याशिवाय कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय उत्तर निघत नाही. म्हणूनच धातू पूर्ण स्थितिस्थापक असला तरी गणित अरेषीय होते (बल दुप्पट केले म्हणून परिणाम दुप्पट होतोच असे नाही) आणि संगणकाला अंदाज पुन्हापुन्हा सुधारत जावे लागते.

जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हाइनरिश हर्ट्झ यांनी १८८२ मध्ये वक्र पृष्ठभागांच्या संपर्काचे उत्तर कागदावर काढले. दोन गोल एकमेकांवर दाबले, तर बल आठपट केल्यावर टेकलेल्या वर्तुळाची त्रिज्या फक्त दुप्पट होते. नवे प्रतिमान आजही आधी याच उदाहरणावर तपासावे. पोलादी गोलांत सर्वाधिक कर्तन प्रतिबल (थर एकमेकांवरून सरकवू पाहणारा आतला ताण) पृष्ठभागावर नसते, तर टेकलेल्या वर्तुळाच्या त्रिज्येच्या सुमारे ०.४८ पट खोलीवर असते. त्यामुळे जाळी, म्हणजे कल्पिलेल्या तुकड्यांची मांडणी, वरच्या थराइतकीच आतही बारीक हवी.

सर्वांत घातक चूक बोल्टच्या जोडात होते. गणित लवकर सुटावे म्हणून दोन फ्लँज (बोल्टने जोडायच्या भागांच्या सपाट कडा) चिकटवल्यासारखे, म्हणजे ‘बाँडेड’, धरले जातात. खऱ्या जोडात बोल्टच्या ताणाने फ्लँज दाबलेले असतात. बाहेरून ओढ आली की हा दाब कमी होतो, ओढ पुरेशी वाढली की फट पडते आणि त्यापुढची सगळी ओढ बोल्ट पेलतो. चिकटवलेल्या प्रतिमानात फट पडतच नाही, फ्लँजचा पृष्ठभागच ओढ पेलतो आणि बोल्ट निवांत दिसतो. असा अहवाल मंजूर होणे धोक्याचे आहे.

घुसखोरी रोखण्याची रूढ पद्धत ‘पेनल्टी’. पृष्ठभागांमध्ये काल्पनिक ताठ स्प्रिंग मानतात. ती मऊ असेल तर भाग एकमेकांत शिरतात. फार ताठ केली तर गणना डळमळते. लाग्रांज गुणकांनी (संपर्काचे बल हेच वेगळे अज्ञात मानून) अट काटेकोर पाळली जाते, पण अज्ञातांची संख्या वाढते. दोन्हींची सांगड घालणारी ‘ऑगमेंटेड लाग्रांज’ पद्धतही वापरली जाते.

सुरुवातीलाच भागांत बारीक फट असेल आणि एखाद्या भागाला दुसरा आधार नसेल, तर तो पहिल्याच पायरीत मोकाट सुटतो आणि गणना थांबते. अशा वेळी आधी थोडे विस्थापन देऊन भाग टेकवावेत आणि मगच बल लावावे.